निळी चढाला का रुसते

४ नोव्हेंबर, मंगळवार

अगं पकडे,

हात पुसून मगच हे पत्र उघड. मागच्या तुझ्या पत्रावर अंगठ्याचा काळाकुट्ट ठसा होता. जाऊबाई म्हणाल्या, मृत्युपत्र आलंय का कोणाचं? मी म्हटलं, नाही हो, आमची नात गिअरबॉक्सची इंजिनियर आहे, तिची सही अशीच असते.

माझं अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथी अर्धीच, कारण शाळेचं छप्पर बसलं आणि आमच्या वडलांना तेवढं निमित्त पुरलं. फोन का करत नाही म्हणशील, तर फोन बाहेरच्या खोलीत असतो आणि बाहेरच्या खोलीत तुझा काका असतो. आणि हे प्रकरण काकाचंच आहे.

तर मुद्दा. काका आपली निळी गाडी विकतोय. विकतोय म्हणजे काय, भंगारात देतोय. महिनाअखेरच्या रविवारी माणूस येणार आहे साखळी घेऊन.

तुला निळीची गोष्ट ठाऊक आहे, पण मला सांगायला आवडते. तुझ्या आजोबांनी ती घेतली तेव्हा गल्लीतले लोक आत वाकून बघायचे. पायाखाली दोनच पेडल, तिसरं कुठे सांडलं? माझा डावा गुडघा वाकत नाही, क्लच काही मला जन्मात दाबता आला नसता. म्हणून ह्यांनी मुद्दाम आपले गिअर आपण बदलणारी गाडी शोधून आणली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मला शिकवली. म्हणायचे, "डावा पाय घरी ठेवून ये, त्याचं इथे काही काम नाही." परवाना काढायला गेले तर साहेब म्हणाला, मुलीला पाठवा. म्हटलं, मुलगी नाही, मीच आलेय.

हे गेल्यावर काकाने माझ्याकडून कबूल करून घेतलं की आता मी चालवायची नाही. म्हणून शेजारचे पोस्टमनभाऊ चालवतात. दर बुधवारी ते, मी आणि मागे जाऊबाई, असे आम्ही टेकडीवरच्या दवाखान्यात जातो. जाऊबाईंचा उजवा हात सहा महिन्यांपूर्वीच्या आजारपणानंतर खांद्यापासून उठत नाही, तिथे व्यायाम करून घेतात. बस तिथवर चढत नाही.

दुखणं असं की निळी सपाटीवर लोण्यासारखी चालते आणि चढ आला की दम टाकते. घर्र घर्र करते, अंग चोरते, एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वर वळून हसलासुद्धा. पोस्टमनभाऊंनी काकाला सांगितलं. काका स्वतः घेऊन गेला, तर त्याच चढावर शहाण्या मुलीसारखी तुरुतुरु गेली! पुढच्या बुधवारी पुन्हा तेच रडगाणं. नाक्यावरच्या मिस्त्रीने सांगितलं, कधी करते कधी करत नाही, म्हणजे आतून गेलेली. अख्खा गिअरबॉक्स बदला नाहीतर काढून टाका. बॉनेटही उघडलं नाही मेल्याने.

तू एवढी शिकलीस. पत्रातून नाडी बघ तिची.

तुझी
आजी


८ नोव्हेंबर, शनिवार

आजी,

हात साबणाने दोनदा धुऊन लिहितेय. ठसा आला तर तो शाईचा समज.

आमच्या वर्कशॉपच्या बाई म्हणतात, दुखणं विचारून अर्धं कळतं. म्हणून आधी विचारते. घाईने उत्तर देऊ नकोस, बघून दे.

पहिलं ऑइल. बॉनेटखाली मागच्या बाजूला एक लांब सळई आहे, इंजिनच्या ऑइलची नव्हे, तिच्यामागची. आधी गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून गरम करायची. मग सपाट जागी उभी करून, गिअरची दांडी P वर ठेवून, इंजिन चालू असतानाच सळई काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा घालायची आणि काढून बघायचं. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. रंग कसा आहे, वास कसा आहे ते लिही. लाल असेल तर बरं. काळपट असेल आणि करपल्याचा वास असेल तर मात्र मिस्त्रीचं खरं.

दुसरं, ब्रेक दाबून दांडी D वर टाकली की गाडी लगेच धरते, की थांबून झटका देते?

तिसरं, सपाटीवर गिअर बदलताना धक्का बसतो का? इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही, असं होतं का?

पोस्टमनआजोबांना म्हणावं, चालवताना कान उघडे ठेवा.

तुझी
पकड


१२ नोव्हेंबर, बुधवार

पकडे,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं तरी गोंधळ घातलाच. सकाळी उठल्या उठल्या मी सळई काढली. गाडी थंड, इंजिन बंद. बघते तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर! मी म्हटलं, झालं, हिला सूज आलीय. पोस्टमनभाऊ चमचा घेऊन आले, थोडं काढून टाकू म्हणाले. तेवढ्यात जाऊबाई चष्मा लावून तुझं पत्र वाचत बसल्या होत्या, त्या ओरडल्या, "अहो, चालू असताना लिहिलंय, चालू असताना!" चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली ह्या माणसाने, आणि एक वाचता येईना. मला हसू आवरेना. ते म्हणाले, "आमचं काम पोचवायचं, वाचायचं नव्हे."

मग शिस्तीत केलं. गावाबाहेर जाऊन आलो, दारात उभी केली, चालू ठेवली. आता ऑइल बरोबर मधोमध. रंग डाळिंबाच्या रसासारखा, पांढऱ्या फडक्यावर स्वच्छ उमटला. वासाचं म्हणशील तर करपणं मला चार घरं पलीकडून कळतं, दूध लागलं की मी उठते. हे करपलेलं नाही. नवीन चपलेच्या दुकानात येतो तसा वास आहे, थोडा गोडसर.

D वर टाकली की पापणी लवायच्या आत धरते. धक्का नाही, झटका नाही. सपाटीवर गिअर कधी बदलतो ते पायाला कळतं म्हणून कळतं, एरवी भरलेला पेला ठेवलास तरी सांडायचा नाही.

पण आज पुन्हा चढावर तेच. दवाखान्याच्या आधीचं वळण आहे ना, तिथे आम्ही इतके हळू झालो की कुंपणावरच्या मांजरीने आम्हाला पूर्ण बघून घेतलं. जाऊबाई मागून म्हणाल्या, उतरून ढकलू का? एका हाताने ढकलीन.

काकाने भंगारवाल्याला नक्की सांगितलंय. रविवार, तीस तारीख, सकाळी दहा. मी आपली भाजी निवडत राहिले. काका वाईट नाही गं, घाबरट आहे. चढावर बंद पडली आणि मागे घसरली तर, हे त्याच्या डोक्यातून जात नाही. माझाच मुलगा, मी ओळखते.

आजी


१५ नोव्हेंबर, शनिवार

आजी,

तू मिस्त्री असतीस तर नाक्यावरच्याचं दुकान बसलं असतं. तुझं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. चपलेच्या दुकानाचा वास ऐकून त्या म्हणाल्या, "ऑइल उत्तम आहे. हा गिअरबॉक्स मेलेला नाही. पुढचं विचार."

आता नीट ऐक. चढ आला की चालवणारा वेगाचं पेडल जोरात तळापर्यंत दाबतो. पेडल तळाला टेकलं की एक वायर गिअरबॉक्सला निरोप देते, "बाई, जोर कमी पडतोय, एक गिअर खाली ये." मग गाडी हलकीशी उसळी घेऊन चढते. तुमची निळी खाली येतच नाही, वरच्याच गिअरमध्ये कुंथत राहते. म्हणजे एक तर खालचा गिअर गेलाय, नाहीतर निरोप पोचत नाहीये.

ते ओळखायला दोन कामं करा. एक, पुढच्या बुधवारी चढाच्या पायथ्याशी वेग कमी असताना दांडी हाताने 2 वर आणा. तशी चढली तर गिअर शाबूत आहे. दुसरं, इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं, ती वायर पुरती ओढली जाते का. अर्ध्यात अडकत असेल तर वायरच ढिली झालीय, घट्ट करायची, दहा मिनिटांचं काम.

पकड


१९ नोव्हेंबर, बुधवार

पकडे गं,

चढली! चढली! मला आधी हेच लिहायचं होतं.

तू सांगितल्याप्रमाणे पायथ्याशी वेग कमी केला, पाय तसाच दाबून ठेवला आणि दांडी दोनावर ओढली. निळीने असा काही हुंकार दिला की मांजर कुंपणावरून पळाली. सरळ वर! वळणावरसुद्धा दमली नाही. जाऊबाईंनी मागून माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाल्या, "शाबास ड्रायव्हर!"

दुसरं कामही केलं. पोस्टमनभाऊ आत बसले, मी बॉनेटखाली डोकं घातलं. त्यांचे पाय म्हणजे शिडीच, पेडल एकदम जमिनीला टेकलं. वायर पुरती ओढली गेली, टोकाचा तो लोखंडी कान शेवटपर्यंत फिरला. तीनदा दाबायला लावलं. काही अडकत नाही, काही ढिलं नाही.

मग आता काय? गिअर शाबूत, वायर शाबूत, आणि निरोप मात्र पोचत नाही. पोस्टमनभाऊंना हे फार लागलंय. म्हणाले, "पत्र टाकलं, पत्ता बरोबर, तिकीट लावलेलं, आणि पोचलं नाही, असं माझ्या पट्ट्यात कधी झालं नव्हतं."

अकरा दिवस उरले.

आजी


२२ नोव्हेंबर, शनिवार

आजी,

आधी माझं खोटं सांगते, मग तुझं विचारते.

मी इंजिनियर-बिंजिनियर नाही. दहा महिने झाले, मी इथे गिअरबॉक्सचे सुटे भाग धुते. दुसरे उघडतात, दुसरे जोडतात, मी मधे बसून घासते. तू गल्लीभर सांगितलंस म्हणून मला सांगवेना. तुझ्या प्रत्येक पत्राचं उत्तर मी बाईंना विचारून आणि रात्रपाळीत पुस्तकात बघून लिहिलं.

पण परवाचं तुझं पत्र मी कोणाला दाखवलं नाही, कारण ते मला एकटीलाच कळलं.

आजी, पाय कोणी दाबून ठेवला? दांडी कोणी ओढली? "शाबास ड्रायव्हर" म्हणून तुझ्या जाऊबाईंनी थाप तुझ्या पाठीवर का मारली? आणि त्याच्याही आधी, गिअर कधी बदलतो ते तुझ्या पायाला कसं कळतं?

रागावत नाहीये. मला हसूच येतंय. पण आता खरं सांग, कारण दुखणं त्यातच आहे. काका चालवतो तेव्हा चढते. पोस्टमनआजोबांनी दाबलं तेव्हा वायर पुरती ओढली गेली. दोघंही ताडमाड. निळी रुसते ती फक्त तुझ्यावर. बाई नेहमी म्हणतात, गिअरबॉक्स उघडण्याआधी माणूस उघडा.

निळीची सीट तर आजोबांच्या वेळेपासून मागेच गंजून बसलीय. तू पाच फूटसुद्धा नाहीस. मग तुझा पाय पोचतो कसा? पायाखाली काय ठेवतेस?

जे असेल ते काढून टाक. सीटच्या खालच्या पट्ट्यांवर गंज सोडवणारं तेल मार, चांगलं मुरू दे, मग जोर लावून सीट पुढे आण. नंतर चढावर पेडल तळाला टेकेपर्यंत दाब. दांडी D वरच ठेव, हात लावू नकोस.

पकड (धुणारी)


२६ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या पकडे,

चोरी पकडलीस. पकड हे नाव ठेवलं ते उगाच नाही.

चालवते मीच. दोन वर्षं झाली, आधी सपाटीवर बाजाराला आणि गेले सहा महिने ह्या चढावर. पोस्टमनभाऊंचे डोळे अधू झालेत, त्यांना समोरचा ट्रक धुक्यासारखा दिसतो, पण ते कोणाला सांगत नाहीत. आम्ही दोघांनी एकमेकांचं झाकलं. गल्लीतून ते बाहेर काढतात, मारुतीसारखे ताठ बसून, आणि कोपऱ्यावर आम्ही जागा बदलतो. त्यांनी काकाकडे तक्रार केली ती माझ्याच सांगण्यावरून. मला वाटलं, काका दुरुस्त करून आणेल. तो निघाला विकायला.

आणि पायाखाली आहे पायपुसणं. ह्यांचा तो तपकिरी लोकरीचा कोट होता ना, कोणाला द्यायचा जीव होईना. त्याच्या सात घड्या घालून दाभणाने शिवला. त्यावर टाच ठेवली की पाय कसा बरोब्बर पेडलवर येतो. काका गाडी घेऊन जाणार असला की मी ते गुंडाळून पिशवीत घालायची. पोस्टमनभाऊ आत बसले तेव्हाही काढलं होतं, त्यांच्या बुटांनी मळलं असतं. म्हणजे बघ, पेडल माझ्या पायपुसण्यावर येऊन टेकायचं, जमिनीला कधी लागलंच नाही. मला वाटायचं आता तळ लागला, आणि तळ होता तुझ्या आजोबांचा कोट! काखेत कळसा नि गावाला वळसा. निळीला निरोप जाणार कसा?

काल पट्ट्यांवर तेल मारलं. आज सकाळी मी सीटवर बसले, पोस्टमनभाऊंनी मागून रेटलं, जाऊबाईंनी मागच्या सीटवर आडवं होऊन दोन्ही पाय लावले. एक, दोन, तीन म्हणता सीट अशी सुटली की माझी छाती भोंग्यावर. अख्खी गल्ली जागी झाली. काका कामाला गेला होता म्हणून निभावलं, आणि परतल्यावर त्याला दिसू नये म्हणून सीट पुन्हा मागे ढकलून ठेवली.

मग चढ. पायपुसणं पिशवीत. दांडी D वर. वळणापाशी मी डोळे मिटले नाहीत एवढंच, बाकी पाय खाली, खाली, खाली, आणि टक्क! तळ लागला. पुढच्या क्षणी निळीने जी उसळी मारली! जाऊबाई मागे "अगं बाई!" म्हणून किंचाळल्या आणि त्यांनी वरची कडी गच्च धरली.

पकडे, उजव्या हाताने धरली. जो हात सहा महिने डॉक्टरीणबाई अर्धा इंच, अर्धा इंच म्हणून वर करवत होत्या. वर पोचेपर्यंत तिघांनाही कळलं नाही. मग कळलं आणि तिघंही गाडीतच बसून राहिलो. डॉक्टरीणबाईंना चढाचं सांगितलं नाही. त्यांना वाटू दे, त्यांच्या व्यायामाने. तेही खोटं नाहीच.

तुझ्या धुण्याचं म्हणशील, तर वेडे, कपड्यावरचा डाग कशाचा हे धुणारीलाच कळतं. घालणाऱ्याला काय कळतंय. मी गल्लीत सांगितलेलं मागे घेणार नाही.

आता राहिला काका. निळी धडधाकट आहे हे सांगायचं, तर ती रुसायची का हे सांगावं लागेल. आणि ते सांगितलं की किल्ली त्याच्या खिशात. गप्प बसले तर निळी जाते, बोलले तर मी जाते. तुझं उत्तर येईपर्यंत रविवार उजाडेल, म्हणून विचारत नाही, नुसतं कळवतेय. मी बोलणार आहे. ह्यांची गाडी माझ्या भित्रेपणाने भंगारात जाऊ द्यायची नाही.

आजी


१ डिसेंबर, सोमवार

पकडे,

बूड टेकून वाच.

काल सकाळी सातला चहा झाला. काका वर्तमानपत्रात. मी म्हटलं, "बुधवारी गाडी कोण चालवतं माहीत आहे का?"

"पोस्टमनकाका."

"मी."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

त्याने त्याची चौकोनी घडी घातली. रागावला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "दहा वाजता तो माणूस यायचाय. तोवर चल. मागे बस आणि गप्प बस. मग काय करायचं ते कर." किल्ली मी घेतली, सीट पुढे ओढली. तो आला मागोमाग, पायात घरातल्याच चपला.

सपाटीवर त्याने गुडघे घट्ट धरले होते. मला आरशात दिसत होतं. पायथ्याशी मी म्हटलं, "आता बघ." आणि पाय तळापर्यंत. टक्क. निळी गेली की गं वर, नवरीसारखी! वळणावर मी वेग कमी केला, माणसांना वाट दिली, इशारा दाखवला, सगळं ह्यांनी शिकवलं तसं. दवाखान्यासमोर उभी केली आणि दांडी P वर टाकली.

काका उतरला. गाडीभोवती एक फेरी मारली, कठड्यावर बसला. मीही जाऊन बसले. मग मी त्याला सगळं सांगितलं, पायपुसणं, कोट, तुझी पत्रं, मांजर. त्याने चपलेतला खडा झटकला. मग म्हणाला,

"आई, मी रोज संध्याकाळी घरी आलो की सीट बघायचो. मागे आहे ना, पुढे सरकवलेली नाही ना. मागे दिसली की वाटायचं, आई शब्द पाळतेय."

"अरे, ती गंजली होती!"

"ते आज कळलं," म्हणाला, आणि हसायला लागला. लहानपणी दोन दात पडले होते तेव्हा हसायचा तसा. मग मीही. दवाखान्याचा रखवालदार येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना.

उतरताना पुढे बसला. म्हणाला, तीन अटी. डोळे तपासून घ्यायचे, पोस्टमनकाकांनी कोपऱ्यापर्यंतसुद्धा चालवायची नाही, आणि महिन्यातून एका बुधवारी तो रजा काढून आमच्याबरोबर येणार. मी म्हटलं, तिसरी अट कशाला? तर म्हणाला, "ती उसळी पुन्हा बघायची आहे."

आम्ही पोचलो तर भंगारवाला दारात. काकाने त्याला सांगितलं, गाडी बरी झाली. तो म्हणाला, कालपर्यंत तर गिअरबॉक्स गेला होता. काका म्हणाला, "गिअरबॉक्स नव्हता गेला. वडलांचा कोट मधे आला होता." बिचारा साखळी गोळा करून गेला, आमच्याकडे वळूनवळून बघत.

तुझ्या बाईंना हे पत्र वाचायला दे. आणि त्यांना म्हणावं, आता पुढचं गिऱ्हाईक हिला एकटीला बघू द्या, आजीचा शब्द आहे.

पायपुसणं टाकून दिलं नाही हं. चार कोपऱ्यांना बटणं लावून काकाने ते घट्ट बसवलंय, सरकायचं नाही. पण उजवीकडे नव्हे. डाव्या पायाखाली, जिथे तिसरं पेडल नाही तिथे. हे म्हणायचे ना, डावा पाय घरी ठेवून ये. आता त्याला गाडीतच घर करून दिलंय. लोकरीवर मस्त ऊब लागते गं.

तुझी
आजी (ड्रायव्हर)